खाडाखोड

मागच्या गुरुवारी सई शाळेतून आली ती दप्तर छातीशी घट्ट धरूनच. तिच्या शाळेत चौथीपासून शाईच्या पेनानं लिहावं लागतं आणि ते पेन खिशातच गळलं होतं. दप्तर बाजूला केल्यावर पांढऱ्या शर्टावर तळहाताएवढा निळा डाग दिसला, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं. वहिनी काही बोलली नाही. तिनं शर्ट उतरवून घेतला, मोरीत बादली पालथी घातली, तिच्यावर डाग ताणून पसरला आणि मला म्हणाली, "ताई, फ्रीजमध्ये परवाचं दही आहे बघा, आंबट झालेलं. तेवढं द्या." दोन चमचे दही, बोटांनी गोल गोल चोळायचं, मग थोडा वेळ तसंच ठेवायचं. आमच्या आईचीही हीच रीत होती. दही आधी आभाळी झालं, मग राखाडी. कापडातला निळा रंग सुटून दह्यात उतरत होता आणि मोरीभर एक आंबूस, धातूसारखा वास पसरला होता. सई उकिडवी बसून बघत होती. रडणं विसरून तिनं विचारलं, "आजी, शाई जाते कुठं?"

वहिनी म्हणाली, "जाते दह्यात." मला मात्र तिथून हलवेना.

ही दह्याची युक्ती माहीत असलेला एक मुलगा ऐंशीएक वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये होता. नॉर्मंडीतलं व्हीर हे त्याचं गाव, आदोल्फो कामिन्स्की त्याचं नाव. जन्म ब्वेनोस आयरीसचा, आईवडील मूळचे रशियातले ज्यू. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला, गावात जर्मन आले, तेव्हा तो पंधराच्या आसपास होता. शाळा सोडून एका रंगाऱ्याच्या हाताखाली लागला होता. हरलेल्या सैन्याचे खाकी ओव्हरकोट लोक आणून द्यायचे आणि काळे किंवा तपकिरी करून न्यायचे, कारण कापड दुसरं मिळतच नव्हतं. कढईत उकळणारा रंग, वाफ, आणि कुठला डाग कशानं निघतो याचं मालकाच्या बोटांत असलेलं ज्ञान, हीच त्याची पुढची शाळा. तो गावातल्या डेअरीतही रसायनं सांभाळणाऱ्या माणसाला मदत करायला जायचा. शेतकऱ्यांनी आणलेल्या साईचा कस बघायला तिथं तिच्यात मिथिलिन ब्लू हा निळा रंग मिसळत आणि तो किती वेळात उडतो ते घड्याळ लावून पाहत. दुधातलं लॅक्टिक ॲसिड निळा रंग खातं, हे त्या पोरानं असं साईच्या भांड्यात डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढं सगळं कुटुंब पकडलं गेलं आणि पॅरिसजवळच्या द्राँसीच्या छावणीत पोहोचलं. तिथून गाड्या ऑशविट्झला सुटत. कामिन्स्की कुटुंब अर्जेंटिनाचे नागरिक म्हणून काही महिन्यांनी सुटलं. ज्यांच्याकडे तसा कागद नव्हता ते शेजारच्या खाटांवरचे लोक गेले. बाहेर आल्यावर लपायचं तर खोटी ओळखपत्रं हवीत, म्हणून वडिलांनी आदोल्फोला जर्मनांचा छुपा प्रतिकार करणाऱ्यांच्या माणसाकडे पाठवलं. त्या माणसानं सहज विचारलं, काम काय करतोस? रंगारी, म्हणाला. डाग काढता येतात? येतात. मग त्यानं आपली अडचण सांगितली: वॉटरमनची निळी शाई, काही केल्या निघत नाही. अठरा वर्षांच्या मुलानं क्षणात सांगितलं, लॅक्टिक ॲसिड लावून बघा. ते चाललं. तो आला होता स्वतःचा कागद घ्यायला, आणि बनावट कागद करणाऱ्यांचा प्रमुख होऊन बसला.

मोरीतला शर्ट बघताना मला हे सगळं आठवलं, हे खरं. पण नंतर दोन दिवस जे मनातून जाईना ते हे नव्हतं. ते अण्णा होते.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचे. तीस वर्षं एकच टेबल. लाल कापडी बांधणीच्या लांबरुंद वह्या, टिपकागद, आणि घरून बाटलीत नेलेली शाई, कारण कचेरीतल्या शाईत पाणी फार असतं असं त्यांचं म्हणणं. त्यांचं अक्षर मी आजही कुठं पाहिलं तर ओळखीन, 'श' ची गाठ सुटी आणि वेलांटी जराशी मागं झुकलेली. खाडाखोड या शब्दाचाच त्यांना त्रास व्हायचा. चूक झालीच तर तिच्यावर एक आडवी रेघ, एकच, खालचं अक्षर वाचता येईल अशी. वर दुरुस्ती, बाजूला सही आणि तारीख. "चुकलं ते पण दिसलं पाहिजे," असं ते आम्हाला शुद्धलेखन घालताना सांगायचे. ब्लेडनं खरवडून, कागद पातळ करून वर नवं अक्षर काढणारे कारकून त्यांच्या दृष्टीनं चोरच. आपल्याकडं एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. पोर शाळेत आणून घातलं, आईला फक्त आषाढात झाला एवढंच आठवतंय, गुरुजींनी घातली तारीख. वर्गातल्या निम्म्या पोरांचा वाढदिवस एकाच दिवशी. लोक हे कौतुकानं सांगतात. अण्णांना त्यात कौतुक वाटायचं नाही. "माणसाचा पहिला कागदच खोटा," म्हणून ते गप्प व्हायचे.

शेजारच्या काकूंचा मुलगा सैन्यात भरती व्हायचा होता. वयाची मर्यादा काही महिन्यांनी हुकत होती. जन्म १९५६ चा, आणि ५६ चा ५७ झाला की सगळं बसत होतं. काकू आमच्या सोप्यावर येऊन बसल्या, पदरानं डोळे पुसत राहिल्या. मी आत दारामागं उभी होते. अण्णांनी त्यांना चहा दिला, मुलाची चौकशी केली, आणि नाही म्हणाले. आवाज चढवला नाही. एक अंक, अण्णा. एकच अंक. नाही. त्या संक्रांतीला काकू आमच्याकडे आल्या नाहीत, पुढच्याही नाही. मुलगा मुंबईला गिरणीत लागला आणि तीन वर्षांत १९८२ चा संप झाला. तो परत आला तेव्हा मी कॉलेजात होते. पारावर बसलेला दिसायचा. अण्णांनी कधी त्याच्याबद्दल काही म्हटलं नाही, पण पारावरून जाताना ते चालण्याचा वेग वाढवायचे, हे माझ्या लक्षात आहे.

मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकले ते नोकरीत उपयोग होईल म्हणून. उपयोग झाला तो वाचण्यासाठी. आणि पहिल्यांदा पॅरिसला गेले तेव्हा बघायच्या जागांच्या यादीत एक जागा मी स्वतः घातली होती, मारे भागातलं शोआ स्मारक, म्हणजे ज्यूंच्या संहाराचं. आत शिरताना दगडी भिंतींवर नावं आहेत, फ्रान्समधून छावण्यांत नेलेल्या सुमारे ७६ हजार ज्यूंची. नाव, पुढं जन्मवर्ष. नुसतं जन्मवर्ष, त्यामुळे प्रत्येक नावापाशी आपण मनातल्या मनात वजाबाकी करत जातो. १९३६. १९३९. १९४१. लोक बोटानं एखादं नाव शोधत होते, आणि सापडलं की बोट तिथंच ठेवून उभे राहत होते. पण माझे पाय अडकले ते आतल्या एका बंद खोलीपाशी. त्या काळच्या पोलिसी कार्डांपैकी जी उरली ती तिथं जपून ठेवली आहेत. खण, खणांत उभी कार्डं, अकारविल्हे. इतकं नीटनेटकं काम. माझ्या मनात आलेला पहिला शब्द, आणि तो आल्याची मला आजही शरम वाटते, 'सुरेख' हा होता. कारण मी तशा कामाच्या घरात वाढले आहे. खण सरकवताना होणारा आवाज मला न ऐकता ऐकू आला.

ती व्यवस्था कशी उभी राहिली ते सांगायला हवं. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन हुकूम निघाला की व्यापलेल्या भागातल्या ज्यूंनी पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं. लोक आपणहून गेले, रांगेत उभे राहिले. एकट्या पॅरिस आणि भोवतालच्या भागात दीड लाखाच्या आसपास. पळून लपून आलेल्या माणसाला नव्या देशात कायदा मोडायचा नसतो, आणि जुन्या रहिवाशाला आपल्या देशाच्या पोलिसांवर भरवसा असतो. आंद्रे त्युलार नावाच्या अधिकाऱ्यानं त्या नोंदींची कार्डं करवली, एका माणसाची अनेक प्रकारे लावलेली: नावानुसार, राष्ट्रीयत्वानुसार, रस्त्यानुसार, धंद्यानुसार. कुणीही कुठूनही सापडावा. १९४२ च्या जुलैत त्यातून सुमारे २७ हजार कार्डं बाहेर काढली गेली आणि १६ तारखेच्या पहाटे फ्रेंच पोलीस ती हातात घेऊन घरोघरी गेले. दोन दिवसांत सुमारे १३ हजार माणसं पकडली, त्यांत चार हजारांहून जास्त मुलं. कुटुंबं सायकल शर्यतींच्या एका बंद स्टेडियममध्ये कोंडली, जुलैच्या उकाड्यात, पुरेशा पाण्याविना, पाच दिवस. दार वाजवणारा जर्मन नव्हता. कोपऱ्यावर रोज दिसणारा आपला शिपाई होता. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी हे आपल्या राज्यानं केलं असं मोकळेपणी म्हणायला १९९५ उजाडलं.

त्या २७ हजारांतले निम्म्याहून जास्त सापडले नाहीत, हीही त्याच पहाटेची गोष्ट आहे. कुणीतरी आदल्या दिवशी कानात सांगितलं होतं. यिडिश भाषेतली पत्रकं दाराखालून सरकली होती. आणि सांगणाऱ्यांत काही पोलीसही होते.

तीन दिवसांनी, पॅरिसपासून दूर पूर्वेला, नाँसी शहरात तेच व्हायचं होतं. १९ जुलै. तिथल्या पोलिसांत परदेशी लोकांचे कागद बघणारा एक छोटा विभाग होता. एदुआर व्हिन्यरों त्याचे प्रमुख, पिएर मारी त्यांचे सहायक, आणि हाताखाली मोजकी माणसं. वर्षानुवर्षं हीच माणसं त्या पोलिश, रशियन, रुमानियन ज्यूंचे परवाने नवे करत आलेली. कुणाचं शिवणाचं दुकान, कुणाला मुलगी झाली, कुणाची आई म्हातारी, सगळं त्यांना नोंदवहीवरूनही माहीत आणि वहीबाहेरही. हाती अटकेची यादी आली, ३८५ नावांची. ते यादी घेऊन निघाले, पण एक दिवस आधी. दारं वाजवली आणि सांगितलं, आज रात्री घरी झोपू नका. काहींना रातोरात खोटी ओळखपत्रं करून दिली. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे पथकं गेली, कुलपं पाहिली. ३८५ पैकी ३२ माणसं हाती लागली.

ती ३२ कोण असतील, असा विचार माझ्या डोक्यात फार वेळा येतो. ज्यांच्याकडे जायला जागा नव्हती ते? ज्यांनी ऐकलं, पण पोलीस असं कसं सांगेल म्हणून विश्वास ठेवला नाही ते? की ज्यांना वाटलं, आमचे कागद तर चोख आहेत?

खरा प्रश्न मी टाळते आहे. नाँसीच्या त्या कचेरीत अण्णा असते तर? मला उत्तर हवं आहे, आणि जे हवं आहे तेच खरं असेल असं नाही, हेही कळतं. अण्णा क्रूर नव्हते. दारात आलेल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय ते बोलत नसत. पण खणात कार्डं लावणारे तरी सगळे क्रूर कुठं होते? त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नसेल. त्यांनी फक्त अक्षर सुवाच्य काढलं. मग मला वाटतं, व्हिन्यरोंही आधी अण्णांसारखेच असणार. वहीतल्या प्रत्येक नावाचा माणूस ओळखणारे. नोंद चोख ठेवणारा माणूसच कधी कधी नोंदीमागचा चेहरा विसरत नाही. असं मला वाटतं, आणि मग पारावरून झपाझप चालत जाणारे अण्णा दिसतात.

त्या चार वर्षांत फ्रान्समध्ये माणूस कागदावर जगत होता, हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. पावाचं तिकीट, लोण्याचं, कोळशाचं, पुढं कापडाचंही. वयाप्रमाणे आणि कामाप्रमाणे अक्षरं ठरलेली. वाढत्या वयातल्या पोरांना 'जे ३' हा शिक्का होता आणि त्या पिढीचं ते जणू नावच पडलं. प्रौढाला दिवसाला ३५० ग्रॅम पावापासून सुरुवात झाली आणि १९४१ मध्ये ते २७५ वर आलं. कॉफीच्या नावाखाली भाजलेलं सातू आणि चिकोरी. चामडं नाही म्हणून बुटांना लाकडी तळ, त्यामुळं फुटपाथवरून चालणाऱ्या बायकांचा टकटक आवाज साऱ्या शहरात. आणि ताटात रुताबागा आणि तोपिनाम्बूर, एरवी गुरांपुढं टाकायची कंदमुळं. युद्ध संपल्यावर कितीतरी लोकांनी मरेपर्यंत त्यांना हात लावला नाही. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेला लाल मिलो आमच्या आईनं पुढं कधी घरात येऊ दिला नाही, नाव काढलं तरी तोंड फिरवायची. पण इथं एक गोष्ट अशी की लपलेल्या माणसाला तिकीट मिळत नाही. यादीत नाव नाही तर पाव नाही. म्हणजे कामिन्स्कीसारख्यांना नुसती खोटी ओळख करून भागत नव्हतं, त्या खोट्या माणसाच्या पोटाची तिकिटंही छापावी लागत.

पत्रं लिहायलाही बंदी. देशाचे दोन भाग पडलेले, मध्ये सीमारेषा, आणि सुरुवातीच्या काळात एका भागातून दुसऱ्या भागात जायचं ते फक्त छापील कार्ड. तेरा ओळींचं. मजकूर आधीच छापलेला: तब्येत चांगली, थकलेले, किंचित आजारी, गंभीर आजारी, जखमी, ठार, कैदेत, वारले, बातमी नाही. रिकाम्या जागी नावं भरायची आणि नको ते शब्द खोडायचे. मी असं एक कार्ड चित्रात पाहिलं तेव्हा आपली पोस्टकार्डं आठवली, 'पत्रास कारण की' नं सुरू होणारी, कडेकडेनं उलटसुलट लिहून एकही कोपरा रिकामा न सोडणारी. आपल्याकडे मयताचं पत्र आलं की वाचून लगेच फाडायचे, घरात ठेवायचे नाहीत. तिथं 'वारले' हा शब्द प्रत्येक कार्डावर छापूनच यायचा. दर खेपेला आईनं तो खोडला आहे ना, हे लेकीनं आधी बघायचं. खाडाखोड दिसली की जीव भांड्यात.

अण्णांना आवडली असती अशी एक बाई या सगळ्यात आहे. रोज व्हालाँ. लोहाराची मुलगी, चित्रकला शिकलेली, पॅरिसच्या ज्य द पोम संग्रहालयात १९३२ पासून बिनपगारी काम करणारी. पगार सुरू झाला तो १९४१ मध्ये. जर्मनांनी ज्यू घरांतून आणि दालनांतून लुटलेली चित्रं गोळा करायला हीच इमारत घेतली, आणि ही साधी, चष्मेवाली, अबोल बाई तिथं राहू दिली. तिला जर्मन कळतं हे त्यांना माहीत नव्हतं. चार वर्षं ती ऐकत राहिली. कुठलं चित्र कुणाच्या घरचं, कुठल्या पेटीत, कुठल्या गाडीनं कुठल्या किल्ल्यात. दिवसभर डोक्यात ठेवायचं, रात्री घरी कागदावर उतरवायचं. कचऱ्याच्या टोपलीतले कागद वाचायचे, फोटोंच्या निगेटिव्ह रात्री नेऊन सकाळी जागच्या जागी. हिटलरचा उजवा हात गोअरिंग वीसेक वेळा तिथं येऊन स्वतःसाठी चित्रं निवडून गेला, आणि ही भिंतीशी उभी. तिला हेर म्हणून हाकललं, ती परत आली. ऑगस्ट १९४४ मध्ये पिकासो, सेझान, ब्राक यांची चित्रं भरलेल्या १४८ पेट्या रेल्वेत चढल्या, तेव्हा तिनं गाडीचा आकडाही कळवला, ४००४४. रेल्वे कामगारांनी ती गाडी पॅरिसच्या वेशीबाहेर काढलीच नाही, आज इंजिन बिघडलं, उद्या रूळ मोकळा नाही. २७ ऑगस्टला फ्रेंच सैनिकांनी ती पकडली. त्यांचा लेफ्टनंट होता अलेक्झांद्र रोझेनबेर, आणि पेट्या उघडल्या तेव्हा त्यांत त्याच्या वडिलांच्या दालनातली चित्रं होती, लहानपणी घरात पाहिलेली. युद्धानंतर साठेक हजार कलावस्तू फ्रान्सला परत आल्या, त्यांतल्या ४५ हजार मालकांच्या हाती गेल्या. त्यामागं या बाईच्या चिठ्ठ्या होत्या. तिनं एकही कागद खोटा केला नाही. नुसती नोंद ठेवली, अण्णा. चोख नोंद.

आणि त्याच पॅरिसमध्ये तेव्हा एक वही जीव घेत होती. नूर इनायत खान हे नाव आता पुष्कळांना माहीत आहे, पण तिचं बडोद्याशी असलेलं नातं आपण विसरतो. तिचे वडील बडोद्याचे, आणि वडिलांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीरावांच्या दरबारातले गवई, गायनशाळा काढणारे. नूर वाढली पॅरिसजवळ, मुलांसाठी जातककथा लिहायची, वीणा वाजवायची. १९४३ च्या जूनमध्ये इंग्रजांनी तिला रात्री एका शेतात विमानानं उतरवलं, वायरलेस चालवायला. तिच्या हेरांच्या जाळ्यातले बाकीचे भराभर पकडले गेले आणि ती एकटी घरं बदलत, पेटी उचलत संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये सापडली तेव्हा तिच्या खोलीत शाळेची वही मिळाली. पाठवलेला प्रत्येक संदेश तिनं तिच्यात उतरवून ठेवला होता, 'संदेश नीट फाइल करा' या सूचनेचा अर्थ जपून ठेवा असाच आहे असं समजून, प्रामाणिकपणे. चौकशीत तिनं तोंड उघडलं नाही. वही बोलली. तिच्यावरून जर्मनांनी तिच्या नावानं लंडनला संदेश पाठवले आणि मागाहून उतरणारी माणसं थेट त्यांच्या हातात पडली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छावणीत नूरला गोळी घातली. तीस वर्षांची होती. ती वही मला डोळ्यांपुढं दिसते, चौकटीची, निळ्या शाईत, आणि मला तिच्यावर रागवता येत नाही. व्हालाँबाईंच्या चिठ्ठ्यांत आणि तिच्या वहीत फरक काय होता? एकीच्या घराची झडती झाली नाही.

पुन्हा त्या रंगाऱ्याच्या पोराकडे. पॅरिसच्या डाव्या काठावर, र्‍यू दे सँ-पेरवर, वरच्या मजल्यावरची एक खोली. शेजाऱ्यांना वाटायचं चित्रकार राहतात, त्यामुळं रसायनांच्या वासाबद्दल कुणी विचारलं नाही. सायकलच्या चाकापासून त्यानं छपाईच्या कामासाठी एक गरगर फिरणारं यंत्र जुळवलेलं. नवा कोरा कागद जुना दिसावा म्हणून धूळ, कॉफीचा चोथा, पेन्सिलीची पूड. शिक्के हातानं कोरायचे. खोटा जन्म अशा गावी घालायचा जिथलं दप्तर बॉम्बमध्ये जळालेलं. एकदा निरोप आला की तीनशे मुलांना तीन दिवसांत हलवायचं आहे. प्रत्येकाला जन्माचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, रेशनकार्ड. नऊशेच्या वर कागद. त्यानं हिशेब केला, तासाला तीस कागद होतात, म्हणजे मी तासभर झोपलो तर तीस माणसं मरतील. तो झोपला नाही. शेवटी बेशुद्ध पडला. मुलं वाचली.

त्या मुलांना नवी नावं पाठ करावी लागत. झोपेतून उठवून विचारलं तरी नवंच नाव तोंडी आलं पाहिजे. मी हे वहिनीला सांगितलं, शर्ट पिळताना. ती थांबली. लग्नात दादानं तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं होतं, ते मला आठवतंय, मी करवली होते. ती म्हणाली, "पहिलं वर्षभर मला कुणी हाक मारली तर मी वळायचेच नाही हो ताई. अण्णा तेवढे जुन्या नावानं बोलवायचे. घरात कुणी नसलं की."

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तिनं कधी सांगितलं नव्हतं.

कामिन्स्की युद्ध संपल्यावरही थांबला नाही. अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी, आणखी कुणाकुणासाठी १९७१ पर्यंत कागद करत राहिला, कुणाकडून पैसा घेतला नाही. डोळ्यांवर ताण देऊन एका डोळ्यानं दिसेनासं झालं. स्वतःच्या मुलांनाही दीर्घ काळ काही सांगितलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये, ९७ व्या वर्षी गेला. त्या दिवशी मी बातमी वाचून उगाचच अण्णांच्या फोटोकडे पाहिलं होतं. आयुष्यभर पुसत बसलेला एक आणि आयुष्यभर पुसू न देणारा एक. मला दोघांच्याही पायांवर डोकं ठेवावंसं वाटतं, आणि ते एकाच वेळी कसं ठेवायचं ते कळत नाही.

शनिवारी रात्री सगळे झोपल्यावर मी सईचं पेन घेतलं. अण्णांच्या ट्रंकेत कोरी पोस्टकार्डं आहेत, पिवळी पडलेली. एकावर, जमेल तितक्या अण्णांच्या वळणात, मी काकूंच्या मुलाचं पूर्ण नाव लिहिलं, आणि पुढं १९५६. शाई वाळू दिली. दह्यावरची निवळी वाटीत काढली, कापसाच्या बोळ्यानं शेवटच्या अंकावर टिपली, थांबले, पुन्हा टिपली. निळा रंग कडेनं सुटायला लागला. दहा मिनिटांनी सहा जवळजवळ दिसेनासा झाला, कागद तेवढा फुगला आणि खरखरीत झाला. पंखा लावून वाळवला. मग तिथं सात काढला. ओल राहिली असावी, शाई जराशी फुटली. माझा हात थरथरत होता आणि घड्याळात पावणेदोन वाजले होते.

कार्ड तसंच टेबलावर राहिलं. सकाळी उठले तर सई खिडकीपाशी उभी, अंगात धुतलेला शर्ट, खिशाखाली फिकट निळसर कड राहिलेली. कार्ड दोन्ही हातांनी उन्हात धरलेलं, डोळा बारीक केलेला.

"आत्याआजी," ती म्हणाली, "या साताच्या खाली दुसरं काहीतरी होतं."